आधी जुनी उधारी, मग नवा माल : कोराडीच्या जनसुनावणीआधी एक खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नागपूर
प्रत : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि महानिर्मिती (राज्य सरकारची वीजनिर्मिती कंपनी)

विषय : कोराडी येथील प्रस्तावित २ × ६६० मेगावॉट औष्णिक वीज प्रकल्पाची २९ मे २०२३ रोजीची जनसुनावणी

महोदय,

२५ तारखेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागतो आणि सुनावणी ठेवली आहे २९ ला. आमच्याकडे या नऊ दिवसांत जवळच्या लग्नाचं बोलावणं आलं तरी माणूस दहादा विचार करतो. तरी मी येणार आहे, डोक्याला दुपट्टा बांधून आणि खिशात कांदा घालून. माइक हातात आल्यावर दोन मिनिटांत खाली बसवलं तर काही राहून जायला नको, म्हणून जे सांगायचं ते आधीच लिहून काढतो आहे.

मी कामठी तालुक्यातला किराणा दुकानदार. दुकान बाबांनी टाकलं. १९७४ मध्ये कोराडीचा पहिला संच सुरू झाला, त्याच्या बांधकामावर बाबा मिस्त्रीच्या हाताखाली होते. काम संपलं, सोबतचे लोक आपापल्या गावी गेले, बाबांनी मात्र चहापत्ती, गूळ आणि बिडीबंडलांची टपरी लावली. टपरीचं दुकान झालं ते कॉलनीतल्या फिटर, ऑपरेटर आणि कारकुनांच्या पगारावर. आजही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझा गल्ला भरतो तो त्याच पगारांनी. तेव्हा माझं नाव ‘विकासाचे विरोधक’ या रकान्यात टाकण्याआधी एवढं ध्यानात असू द्यावं.

दुकानातल्या बरण्यांवर रोज जी धूळ बसते तिच्याबद्दल मी सुनावणीत काही बोलणार नाही. दुकान रस्त्यावर आहे. ती धूळ हायवेची असेल, विटांच्या गाड्यांची असेल, आणखी कशाची असेल. बोट लावून सांगता येण्याइतका मी शास्त्रज्ञ नाही. म्हणून माझं गाऱ्हाणं घरी ठेवतो आणि सरकारी कागदांवर जे आधीच आहे तेवढंच आपल्यापुढे मांडतो. मला कळते ती एकच विद्या, उधारीची. तिच्याच अंगाने बोलतो.

एक जुनी गोष्ट सांगतो. मोठ्या बांधकामाच्या काळात एका ठेकेदाराची मेस माझ्याकडून माल उचलायची. तांदूळ, तूरडाळ, तेलाचे डबे, सगळं वहीवर. तीन महिने झाले, आकडा ४७ हजारांवर गेला. मागायला गेलो तर म्हणाला, “काकाजी, काहून घाबरता? पुढचं मोठं काम भेटून राहिलं. या महिन्याचा माल भरा, सगळं एकदमच चुकतं करतो.” मी भरला. पुढचं काम त्याला मिळालं की नाही माहीत नाही, कारण तो माणूस पुन्हा दिसलाच नाही. बायको अजून दिवाळीच्या वहीपूजनाला ती वही समोर काढून ठेवते. मला चिडवायला.

तेव्हापासून नियम केला. जुनं चुकतं झाल्याशिवाय नवं पान उघडायचं नाही. माणूस वाईट असतो असं नाही, पण नवा माल मिळतो म्हटल्यावर जुनं फेडायची घाई कुणालाच राहत नाही.

आता कोराडीची वही उघडतो.

सध्या तिथे ६६० मेगावॉटचे तीन संच आणि जुना २१० मेगावॉटचा एक, असे २१९० मेगावॉट आहेत. लागूनच खापरखेडा, १३४० मेगावॉट. म्हणजे एका पट्ट्यात साडेतीन हजार मेगावॉटच्या वर. त्यातले ६६० चे तीन संच २०१५ ते २०१७ या काळात सुरू झाले. त्यांना पर्यावरण मंजुरी मिळाली २०१० मध्ये आणि त्या मंजुरीतच एफजीडी बसवण्याची अट होती.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. कोळशात गंधक असतो. तो जळला की सल्फर डायऑक्साइड होतो आणि चिमणीतून बाहेर पडतो. चिमणीच्या आधी मोठा मनोरा उभारून त्यात चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारला की हा वायू बराचसा अडतो आणि खाली जिप्सम जमा होतं. त्या यंत्रणेला म्हणायचं एफजीडी. ती नसली तर हा वायू हवेत जातो आणि तिथे त्याचे सल्फेटचे बारीक कण बनतात, थेट फुप्फुसात उतरतील इतके बारीक.

आज २०२३. मंजुरीला १३ वर्षं झाली. मनोरा अजून उभा नाही.

मध्ये ७ डिसेंबर २०१५ ला केंद्राने देशातल्या सगळ्याच औष्णिक केंद्रांना नवी मानकं लावली, दोन वर्षांची मुदत दिली. ती वाढली. परत वाढली. सप्टेंबर २०२२ मध्ये आणखी वाढली, तेव्हा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांलगतच्या केंद्रांसाठीसुद्धा ती ३१ डिसेंबर २०२४ वर गेली. एवढ्या वेळा वायदा बदलणाऱ्या गिऱ्हाइकाला आमच्या बाजारपेठेत काडेपेटीही उधार मिळणार नाही.

“आपल्या कोळशात गंधक कमीच असतो, अर्धा टक्का,” असं साहेब लोक सांगतात. खरं आहे. पण टक्का बघताना पोतं केवढं आहे तेही बघावं. एका युनिटला ढोबळ मानाने ६०० ग्रॅम कोळसा धरा. हे तीन संच ८५ टक्के भाराने चालले तर दिवसाला चार कोटी युनिटं होतात आणि २४ हजार टन कोळसा लागतो. त्याचा अर्धा टक्का म्हणजे १२० टन गंधक. जळताना त्याला तेवढाच ऑक्सिजन चिकटतो, म्हणजे २४० टन सल्फर डायऑक्साइड. रोज. हा माझा तराजूचा हिशेब आहे. चुकला असेल तर महानिर्मितीच्या अधिकाऱ्यांनी सुनावणीत खरा आकडा सांगावा, मी तिथेच खोडून दुरुस्त करीन. पण आकडा सांगावा. “मर्यादेत आहे” एवढ्यावर भागवू नये.

दुसरं पान राखडेचं. हे पान जाड आहे.

जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखड बंधारा फुटला. पातळ राखड शेतांतून, नाल्यांतून कोलार नदीत गेली आणि कोलारमधून कन्हानला मिळाली. याच कन्हानवरून नागपूर शहरालाही पाणी जातं. त्या दिवशी पहिल्यांदा शहरातल्या लोकांना कळलं की आमचं आणि त्यांचं मडकं एकच आहे. मी नंतर तिकडून गेलो होतो. ज्या वावरात धान असायला पाहिजे ते वावर सिमेंटचा ओटा घातल्यासारखं करडं आणि सपाट दिसत होतं. बांधाच्या बाभळीला कमरेएवढी रेघ उमटली होती, खाली करडं, वर हिरवं. एक म्हातारबुवा काठीने ती राखड उकरून खाली माती किती खोल आहे ते पाहत होते. काठी हातभर गेली तरी काळी माती लागली नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत नांदगावचं प्रकरण झालं होतं. खापरखेड्याची राखड तिथल्या तलावात टाकणं सुरू झालं, गावकऱ्यांनी ओरड केली, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे स्वतः येऊन पाहून गेले आणि त्यांनी ते थांबवायला सांगितलं. मंत्री मुंबईहून येऊन गेले की काम थांबतं ही आनंदाची गोष्ट आहे. मंत्री येईपर्यंत ते चालू कसं राहतं, हा प्रश्न मात्र आपल्या कार्यालयाचा आणि मंडळाचा आहे. त्याआधी २०२१ मध्ये मंथन अध्ययन केंद्र, नागपूरचं सेंटर फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट आणि असर या संस्थांनी आसपासच्या गावांतल्या पाण्याचे आणि राखडेचे नमुने तपासून अहवाल काढला होता, त्यात जड धातूंची नोंद आहे. त्याला उत्तर द्यायचं तर तेवढ्याच गावांत, तेवढ्याच ठिकाणी, पुन्हा नमुने घ्यावे लागतील. नीरीसारखी पर्यावरण संशोधनाची संस्था नागपुरातच आहे. तिकिटाचाही खर्च नाही.

आता नवे दोन संच. १३२० मेगावॉट. वरच्याच मापाने दिवसाला १६ हजार टन कोळसा. आपल्या कोळशात राख ३० टक्क्यांपासून ४०-४५ टक्क्यांपर्यंत असते, आपण ३५ धरू. म्हणजे रोज साडेपाच हजार टनांच्या वर राखड. २५ टनांच्या गाडीत भरली तर सव्वादोनशे गाड्या. दिवसाला. रविवारी सुट्टी नाही, पोळ्यालाही नाही. आणि आजच्या संचांची राखड वेगळी, ती याच्या दीडपटीहून जास्त.

केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखडेचा पूर्ण वापर सक्तीचा केला, तीन वर्षांचं चक्र दिलं, जुने साचलेले ढीग दहा वर्षांत संपवायला सांगितले आणि न वापरलेल्या राखडेला टनामागे १००० रुपये भरपाई ठेवली. चांगला नियम आहे. पण राखडेचे प्रकार दोन. कोरडी राखड सायलोतून, म्हणजे उंच कोठारातून, बल्करमध्ये, म्हणजे बंद टाकीच्या गाडीत भरून सिमेंटवाल्याकडे, वीटवाल्याकडे जाते, तिला भाव आहे, तिच्यामागे लोक धावतात. पाण्यात कालवून पाइपाने बंधाऱ्यात सोडली जाते ती दुसरी. तिला गिऱ्हाईक नाही. वारेगावला, खसाळ्याला पडून आहे ती हीच. वापराची टक्केवारी सांगताना दोन्ही एकत्र सांगू नयेत, एवढी माझी विनंती आहे. तांदूळ आणि कोंडा एकाच पोत्यात तोलला की हिशेब नेहमीच चांगला दिसतो.

“नवे संच जुन्यांच्या बदल्यात आहेत, प्रदूषण वाढणार नाही,” हे आपण सुनावणीत नक्की ऐकाल. ते नीट तपासावं. कोराडीचे पहिले चार संच १२० मेगावॉटचे होते, पाचवा २०० चा. सगळे मिळून ६८०. येणार आहेत १३२०. आणि ते जुने काही काल बंद झालेले नाहीत, त्यांना थंड पडून वर्षं लोटली. त्यांचा धूर आजच्या हवेत नाहीच, मग तो वजा कशातून करायचा? मेलेल्या माणसाचं रेशन नव्या कार्डावर चढवण्यासारखं आहे हे. नवं तंत्र एका युनिटला कमी कोळसा खातं हे मी मान्य करतो. पाण्याच्या बाबतीतही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोराडीने भांडेवाडीचं नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून वापरायला घेतलं, दिवसाला १३ कोटी लिटर, ते चांगलं काम केलं. पेंच धरणावरचा तेवढा भार वाचला. ज्याने जे फेडलं ते वहीत जमेला लिहावंच लागतं.

परवा दुकानात या विषयावर चांगलीच जुंपली. एक पोरगा, कंत्राटी हेल्पर, रोज संध्याकाळी अर्धा लिटर तेल आणि मुलीसाठी बिस्किटाचा पुडा नेतो. तो तेलाची बाटली काउंटरवर ठेवून म्हणाला, “तुम्ही सारे जाऊन विरोध कराल त आमचं काय? पाच वर्षं काम चालंल ना बांधकामाचं.” मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्याचं खरं आहे. बांधकामाची पाच वर्षं माझ्याही दुकानाची पाच वर्षं आहेत, नवा संच आला तर माझी विक्री दुप्पट होईल. मी त्याला एवढंच म्हटलं, की तीन संचांचे तीन एफजीडी मनोरे उभारायलाही माणसं लागतात ना? वेल्डर लागतात, हेल्पर लागतात, राखडेचे बंधारे मजबूत करायला, ढीग उचलायला लागतात. ते काम मंजूर आहे, सक्तीचं आहे, त्यासाठी जनसुनावणीसुद्धा लागत नाही. मग ते का निघत नाही? तो म्हणाला, “हे त मालूमच नव्हतं.” बिस्किटाचा पुडा विसरून गेला, मग पोरीला घेऊन परत आला.

“हे सगळं कुठे होतं का?” असं विचारणाऱ्यांसाठी डहाणूचं उदाहरण देतो, आपल्याच राज्यातलं. तिथे ५०० मेगावॉटचं केंद्र आलं. आजूबाजूला चिकूच्या वाड्या, आदिवासी पाडे. १९९१ मध्ये केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तालुक्यासाठी एक प्राधिकरण बसलं, अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. त्यांनी १९९९ मध्ये कंपनीला एफजीडी बसवायला सांगितलं. कंपनीने टाळाटाळ केली, कोर्टकचेऱ्या केल्या. तेव्हा प्राधिकरणाने केलं काय, तर ३०० कोटींची बँक हमी लिहून घेतली. अनामत! २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली.

तिथे समुद्र आहे, समुद्राच्या पाण्यावर ती यंत्रणा चालते, आपल्याकडे समुद्र कुठून आणायचा, असं कुणी म्हणेल. चुनखडीची चालते ना दुसरी. आणि चुनखडी कुठे आहे? वणी, राजुरा, कोरपना. सिमेंटचे कारखाने तिकडे उगाच नाही गेले. विजेचं बिल युनिटमागे काही पैशांनी वाढेल, हेही मला कळतं. माझ्या दुकानात दोन फ्रीज आहेत, मी भरीन. मुंबई-पुण्याच्या मॉलनेही भरावे, वीज तिकडेही जाते.

आता आपल्याकडे काय मागतो ते.

पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीत मतदान नसतं, गणसंख्येची अटही नसते. निर्णय दिल्लीत होतो, तज्ज्ञ समितीपुढे. आपल्या हातात असते ती नोंद. लोकांनी काय विचारलं, कंपनीने काय उत्तर दिलं, ते लिहायचं, सुनावणी संपताना मराठीत वाचून दाखवायचं आणि त्याच दिवशी सही करायची. दिल्लीतल्या माणसाला कोराडी दिसणार आहे ती त्या कागदातून. म्हणून त्यात ‘काही ग्रामस्थांनी प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली व रोजगाराची मागणी केली’ असं एका ओळीत आमचं पोतं बांधू नये. प्रश्न जसा विचारला तसा, आकड्यासकट, आणि त्यापुढे कंपनीचं उत्तर. उत्तर दिलं नसेल तर ‘उत्तर दिले नाही’ असं लिहावं.

आणि माझा मुद्दा म्हणून हे लिहून घ्यावं : चालू तीन संचांवर एफजीडी बसून ती सलग एक वर्ष चाललेली असल्याशिवाय नव्या संचांचा विचार करू नये. त्या वर्षाचं चिमणीचं रीडिंग दर दिवशी कोराडी, महादुला, सुरादेवी, वारेगाव, खसाळ्याच्या चावडीवर फळ्यावर लागावं. रीडिंग आत्ताही यंत्राने आपोआप नोंदवलं जातं, ते फक्त दिसत नाही. खसाळ्याच्या राखडेखाली गेलेल्या शेतांचा, नाल्यांचा आणि विहिरींचा हिशेब गावनिहाय जाहीर व्हावा. आणि त्यानंतरही नवा प्रकल्प आणायचाच असेल तर डहाणूसारखी बँक हमी आधी जमा करावी, यंत्रणा लागली नाही तर ती जप्त होईल अशी. तोपर्यंत माझं मत विरोधात नोंदवावं. ‘अटींसह पाठिंबा’ असं लिहू नये. अटी २०१० मध्येही होत्या.

पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवला आहे, पण सारांशच. मूळ अहवाल इंग्रजीत आहे आणि राखडेचं, पाण्याचं खरं गणित त्यात आहे. माझा पुतण्या इंजिनीअरिंगला आहे, त्याला दोन रात्री बसवला तेव्हा निम्मा समजला. ज्याच्या घरी असा पुतण्या नाही त्याने काय करायचं, याचा विचार पुढच्या वेळी व्हावा. आणि मंडपात कूलर नसले तरी चालतील, पिण्याच्या पाण्याचे माठ मात्र भरपूर ठेवावेत. म्हाताऱ्या बाया लांबून येणार आहेत.

या पत्राच्या दोन प्रती करून सुनावणीला घेऊन येतो. एक आपल्याकडे ठेवून घ्यावी, दुसरीवर तारीख घालून पोच द्यावी. मी ती लाल वहीत लावून ठेवणार आहे, ४७ हजारांच्या पानाच्या शेजारी.

आपला,
एक किराणा दुकानदार
ता. कामठी, जि. नागपूर